टंगस्टन कुठलं घ्यायचं? लाल, निळं, हिरवं, ग्रे सगळी वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आरगॉनचं काम, म्हणजे टीग वेल्डिंग, करणाऱ्या कुठल्याही शॉपमधला ड्रॉवर उघडा, आत लाल टोकाचीच टंगस्टन सापडणार, म्हणजे टॉर्चमधे बसवतात आणि ज्याच्या टोकावरून आर्क (विजेची ज्योत) उठतो ते रॉड. एमएसला (साधं लोखंड) लाल, एसएसला (स्टेनलेस स्टील) लाल, अ‍ॅल्युमिनियम आलं की हिरवं, हे गणित आपल्याकडे इतकं फिट्ट बसलंय की दुकानात जाऊन नुसतं "दोन पॉइंट चार द्या" (म्हणजे २.४ एमएम जाडीचं) म्हटलं तरी लाल पाकीट काउंटरवर येतं, कोणी रंग विचारत पण नाही. आमचं काम कोल्हापूर-सांगली पट्ट्यातलं, जास्त करून दूध डेअरीची एसएस लाइन, टाक्या, आणि जोडीला गाड्यांचे अ‍ॅल्युमिनियमचे पार्ट, रेडिएटर, गिअरबॉक्सची केसिंग, जे काय दारात येईल ते. त्यामुळे जवळपास सगळ्या रंगांची टंगस्टन हातातून गेलीत. ज्यांना एवढं सगळं वाचायला वेळ नाही त्यांनी निळं घ्या, २ टक्के लँथनमवालं, १.६ आणि २.४ एमएम, आणि कामाला लागा. बाकीच्यांनी पुढे वाचा.

आधी रंगांचं बघू. टंगस्टन ३४२२ डिग्रीला वितळतं म्हणून तर आर्कच्या तोंडाशी टिकतं. पण नुसतं शुद्ध टंगस्टन इलेक्ट्रॉन सोडायला आळशी, आर्क उठायला त्रास देतं आणि टोक लवकर मऊ पडतं. म्हणून त्यात एक-दोन टक्के कुठलं तरी ऑक्साइड मिसळतात, मग आर्क पटकन पकडतो आणि तेवढ्याच करंटला टोक थंड राहतं. बाकी रॉड सगळे दिसायला एकच, करडे. आत काय मिसळलंय ते फक्त टोकाचा रंग सांगतो. लाल म्हणजे २ टक्के थोरियम, निळं २ टक्के लँथनम, सोनेरी दीड टक्का लँथनम, काळं एक टक्का लँथनम, ग्रे म्हणजे सिरियम, पांढरं झिर्कोनियम, आणि हिरवं म्हणजे शुद्ध, काही न मिसळलेलं. पण रंगावर डोळे झाकून जाऊ नका, पाकिटावरचा कोड वाचा: डब्ल्यूटी-२०, डब्ल्यूएल-२०, डब्ल्यूसी-२०, डब्ल्यूपी (क्रमाने लाल, निळं, ग्रे, हिरवं) असा असतो. जुन्या अमेरिकन पद्धतीत सिरियमवालं नारिंगी असायचं, आणि जांभळा रंग ३ टक्के थोरियमला पण होता, आता मिक्स ऑक्साइडवाल्या रॉडला पण लावतात, त्यामुळे जुना माल हातात आला तर घोळ होतो. आणि हेल्परला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की रंगाचं टोक घासायचं नाही, दुसरं टोक घासायचं. रंग गेला की त्या रॉडचं गाव-नाव सगळं गेलं.

लाल (थोरियम) – डीसीला ५ पैकी ४, तब्येतीच्या दृष्टीने २

खरं सांगायचं तर लाल वाईट नाहीये. डीसीवर (एकाच दिशेचा करंट) एमएस आणि एसएसला आर्क घट्ट, टोक बराच वेळ धार धरून राहतं, जास्त करंट दिला तरी तक्रार करत नाही. इतकी वर्षं सगळ्यांनी वापरलं ते उगाच नाही. अडचण आहे ती थोरियमची. ते किरणोत्सारी असतं. जुन्या पेट्रोमॅक्सच्या बत्तीच्या मॅन्टलमधे पण हेच थोरियम असायचं, त्यामुळे लोक म्हणतात "तेव्हा काय झालं नाही, आता काय होणार". रॉड हातात धरून किंवा वेल्डिंग करून फार काही होत नाही हे खरंय, कारण त्यातून मुख्यतः अल्फा किरण निघतात आणि ते कातडीतून आत जात नाहीत. भानगड आहे घासताना उडणाऱ्या धुळीची. ती धूळ श्वासातून आत गेली की तिथे कातडी नसते अडवायला. आणि आपल्याकडे टंगस्टन घासतो कोण, तर सगळ्यात नवीन पोरगा, मास्क नाही, तोंड ग्राइंडरवर वाकलेलं, आणि नंतर त्याच हाताने डबा उघडायचा. धूळ ओढणारा ब्लोअर लावणार असाल आणि मास्क सक्तीने घालायला लावणार असाल तर वापरा लाल, माझं काही म्हणणं नाही. पण तितकंच काम देणारं बिनथोरियमचं मिळत असताना ही कटकट घ्यायची कशाला. आम्ही बंद केलं. काही मोठ्या पार्ट्यांच्या वर्क ऑर्डरमधे तर आता थोरियम चालणार नाही असं लिहूनच येतं.

एसीवर (दिशा सारखी बदलणारा करंट) लाल घालू नका. बरेच जण घालतात, चालतं म्हणतात, पण टोकाला एक नीट गोळी होण्याऐवजी बारीक बारीक फुटकुळ्या येतात आणि त्यातली एखादी जॉबमधे, म्हणजे वेल्ड होणाऱ्या तुकड्यात, पडते.

निळं (२ टक्के लँथनम) – ५ पैकी ४.५

याच्यावर जरा सविस्तर लिहितो कारण आमचं बहुतेक काम याच्यावरच चालतं.

डेअरीचा साधा जॉब घ्या. ३०४ ग्रेडच्या एसएसची ३८ एमएम ओडी (बाहेरचा व्यास) पाइप, भिंत १.६ एमएम, बट (टोकाला टोक) जॉइंट. त्याला १.६ एमएम निळं, टोक लांब पेन्सिल केलेलं, डीसी निगेटिव्ह (टंगस्टन निगेटिव्ह बाजूला), पन्नास-साठ अँपिअर, पाइपच्या आतून आरगॉनचं पर्जिंग (हवा हटवायला आत गॅस सोडणं). इथे टंगस्टनची परीक्षा सुरुवातीला होते. एचएफचं (टोक न टेकवता आर्क पेटवणारं) बटण दाबलं की आर्क सरळ जिथे टोक दाखवलंय तिथेच उठायला पाहिजे. तो इकडे तिकडे नाचला की पाइपच्या कडेवर डाग पडतो, आणि डेअरीवाला साहेब लाइट मारून आतून बघतो तेव्हा तो डाग त्याला पहिला दिसतो. निळ्यावर कमी करंटला आर्क उठणं एकदम शांत. शेवटी करंट उतरवताना, म्हणजे क्रेटर (वेल्डच्या शेवटी राहणारा खड्डा) भरताना दहा-पंधरा अँपिअरपर्यंत खाली आणलं तरी आर्क फडफडत नाही. लाल तिथे कधीकधी हट्ट करतं.

दुसरं म्हणजे टिकतं. एकदा नीट घासलं की हात जॉबला लागेपर्यंत धार राहते. आता हात लागतोच, पोझिशन अडचणीची असली की टंगस्टन वितळलेल्या धातूच्या पाण्यात बुडतंच, त्याला कुठलाच रंग वाचवू शकत नाही, पण नुसतं चालून चालून धार जाणं हा प्रकार याच्यात कमी.

तिसरा मुद्दा सगळ्यात कामाचा: हेच रॉड एसीवर अ‍ॅल्युमिनियमला पण चालतं. म्हणजे सकाळी एसएस, दुपारी कोणाची तरी अ‍ॅल्युमिनियमची केसिंग, टॉर्चमधलं कॉलेट (रॉड पकडणारा भाग) पण तेच आणि ड्रॉवरमधे एकच पाकीट. वेल्डर बदलला तरी "कुठलं लावू" हा प्रश्न नाही.

अर्धा मार्क कापला तो किमतीसाठी, आणि निळ्याच्या नावाखाली काहीही विकलं जातं म्हणून. त्यावर खाली लिहिलंय. सोनेरी, म्हणजे दीड टक्केवालं, कामात निळ्याच्या इतकं जवळ आहे की डोळे बांधून दिलं तर मी ओळखू शकणार नाही. दुकानात निळं नसेल तर सोनेरी बिनधास्त घ्या. काळं एक टक्केवालं पण बरं आहे पण आमच्याकडे मिळत नाही सहसा.

ग्रे (सिरियम) – बारीक कामाला ४, जड कामाला २

पातळ पत्रा, २० गेज, २२ गेज, बारीक ट्यूब, सेन्सरची पॉकेट असली नाजूक कामं, जिथे वीस-तीस अँपिअरच्या वर जायचंच नाही, तिथे ग्रे फार गोड चालतं. एक एमएमचा रॉड आणि ग्रे टोक, आर्क उठताना आवाज पण येत नाही. पण करंट वाढवला की यातलं सिरियम टोकापासून निघून जातं आणि मग ते जवळजवळ साध्या टंगस्टनवर येतं. ज्याचं सगळं काम बारीक पत्र्याचं त्याने घ्यावं, बाकीच्यांनी वेगळं पाकीट सांभाळण्यात अर्थ नाही.

हिरवं आणि पांढरं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा विषय

इथे जुने मिस्त्री आणि नवीन पोरं यांचं कायम भांडण असतं आणि गंमत अशी की दोघं आपापल्या मशीनपुरते बरोबर असतात.

अ‍ॅल्युमिनियम ६६० डिग्रीला वितळतं पण त्याच्या अंगावर जो ऑक्साइडचा थर असतो तो दोन हजारच्या वर. म्हणजे आतलं पाणी झालं तरी वरची साय तशीच राहते, आणि ती फोडायला करंट उलटा करावा लागतो, टंगस्टन पॉझिटिव्ह. पण टंगस्टन पॉझिटिव्ह केलं की बहुतेक उष्णता टंगस्टनवरच येते. डीसी निगेटिव्हला ढोबळ मानाने ७० टक्के उष्णता जॉबमधे आणि ३० टंगस्टनमधे, पॉझिटिव्हला नेमकं उलटं. म्हणून एसी: अर्धा वेळ साफसफाई, अर्धा वेळ वितळवणं. जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनमधे हे अर्धं-अर्धंच असायचं, टंगस्टन तापून लाल व्हायचं, टोक वितळून त्याची आपोआप गोल गोळी बनायची. हिरवं त्या गोळीसाठीच चांगलं. शुद्ध असल्यामुळे गोळी गुळगुळीत आणि स्थिर. ज्यांच्याकडे अजून ते धूड मशीन आहे त्यांनी हिरवं वापरावं, किंवा त्याहून बरं म्हणजे पांढरं, झिर्कोनियमवालं. ते गोळी पण छान धरतं आणि हिरव्यापेक्षा जास्त करंट सोसतं, आणि जॉबमधे टंगस्टन थुंकत नाही. पांढऱ्याला मी एसीवर ४ देईन. डीसीवर मात्र ते लावू नका.

पण आता बहुतेकांकडे इन्व्हर्टर मशीन आहे, त्याला एसी बॅलन्सचं (पॉझिटिव्ह-निगेटिव्हला किती किती वेळ द्यायचा ते ठरवणारं) बटण असतं. तिथे निगेटिव्ह बाजू ७० टक्क्यांच्या आसपास ठेवली की टंगस्टन तेवढं तापत नाही. मग गोळी करायची गरजच नाही, निळं घ्या, पेन्सिल करा, टोक थोडं चपटं मारा, झालं. आर्क बारीक राहतो, कोपऱ्यात नेमका जातो. अशा मशीनवर हिरवं लावून मोठी गोळी करणं म्हणजे मशीनला दिलेले पैसे पाण्यात. इन्व्हर्टरवर हिरव्याला माझ्याकडून ५ पैकी १. एक लक्षात ठेवा, काही मशीनवर बॅलन्सचा आकडा निगेटिव्हचा असतो आणि काहींवर क्लीनिंगचा, म्हणजे एकाचं ७० ते दुसऱ्याचं ३०. टोक चालू कामात गोल होऊन थरथरायला लागलं तर टंगस्टनला शिव्या देण्याआधी हे बटण बघा.

बाकीचे धातू

तांबं उष्णता खातं, म्हणून जाड टंगस्टन आणि जास्त करंट, आधी जॉब गरम करून घ्या, डीसी निगेटिव्ह, निळं. पितळेला शक्यतो टीग करूच नका, त्यातलं जस्त ९०७ डिग्रीलाच उकळतं आणि पांढरा धूर थेट टंगस्टनवर जाऊन बसतो, दर इंचाला घासत बसाल, आणि तो धूर छातीत जातो ते वेगळंच. टायटॅनियमला पण निळं आणि डीसी निगेटिव्हच, पण तिथे टंगस्टनच्या रंगापेक्षा जॉबचा रंग महत्त्वाचा: चकचकीत चांदी किंवा हलका सोनेरी आला तर गॅस कव्हर बरोबर, निळा-जांभळा आला तर हवा लागली. एमएसला लाल, निळं काहीही चालतं, फक्त वरचा काळा पापुद्रा आधी घासून काढा, नाहीतर त्यातली घाण उडून टोकाला चिकटते आणि लोक म्हणतात टंगस्टन डुप्लिकेट निघालं.

मिक्स ऑक्साइडवालं जांभळं पण वापरून बघितलं. चांगलंय. निळ्यापेक्षा चांगलं आहे का? आमच्या कामात तरी फरक कळला नाही, आणि ते तालुक्याच्या गावात मिळत नाही, ऑनलाइन मागवा आणि वाट बघत बसा.

साइजचं सांगायचं तर १.६ एमएम साधारण १५० अँपिअरपर्यंत डीसीला, २.४ एमएम १५० ते २५०, आणि एसीवर हे आकडे बरेच खाली येतात, २.४ ला १६० च्या आसपास थांबायचं. ज्यांचं मशीन २०० अँपिअरचं आहे त्यांना ३.२ लागतंच नाही, अगदी जाड अ‍ॅल्युमिनियम कास्टिंग सोडलं तर. उगाच जाड टंगस्टन लावून कमी करंटला चालवलं की आर्क टोकावर एका जागी थांबत नाही, भटकतो.

घासणं

आता हे टंगस्टनच्या रिव्ह्यूमधे कशाला असं वाटेल, पण चुकीचं घासलेलं महागातलं निळं आणि नीट घासलेलं स्वस्तातलं लाल यात मी लाल घेईन. बेंच ग्राइंडरवर रॉड आडवा धरून गोल फिरवतात ना, तिथेच निम्मं काम बिघडतं. आडवं धरलं की टोकावर गोल गोल रेघा पडतात, आणि आर्क त्या रेघांवरून घसरत भरकटतो. रॉड खड्याच्या दिशेने उभा धरायचा, म्हणजे रेघा बुंध्याकडून टोकाकडे सरळ जातील, आणि बोटांत हळूहळू फिरवत राहायचं. उताराची लांबी जाडीच्या दोन-अडीच पट, म्हणजे २.४ ला साधारण ५-६ एमएम. अगदी सुईचं टोक ठेवू नका, ते पहिल्याच झटक्यात तुटून जॉबमधे जातं, किंचित चपटं करा. एक्सरेची कामं करणाऱ्यांना माहीतच आहे, फिल्मवर पांढरा ठिपका दिसला की तो टंगस्टनचा तुकडा, आणि जॉइंट रिजेक्ट.

खडा वेगळा ठेवा. ज्या खड्यावर एमएसचे तुकडे आणि ड्रिल घासले त्यावर टंगस्टन घासलं की लोखंडाचे कण टोकात बसतात आणि आर्क उठताना ठिणग्या उडतात. डायमंडचा छोटा खडा मिळतो, तो टंगस्टनसाठीच बाजूला ठेवा, कोणाला हात लावू देऊ नका. टोक बुडलं आणि वर अ‍ॅल्युमिनियमची गाठ बसली तर ती नुसती वरवर घासू नका, तेवढा तुकडा कापून टाका. पकडीने मोडू पण नका, रॉड आतून उभा चिरतो आणि ती चीर बाहेरून दिसत नाही.

आणि टोकाचा रंग वाचायला शिका. काम थांबवल्यावर टोक चांदीसारखं स्वच्छ असेल तर सगळं बरोबर. निळं-जांभळं किंवा काळं पडलं तर पोस्ट फ्लो (आर्क बंद झाल्यावरही चालू राहणारा गॅस) कमी आहे, गरम टोकाला हवा लागली. दर १० अँपिअरला एक सेकंद गॅस, हा हिशोब धरा. गॅस वाचवायला पोस्ट फ्लो दोन सेकंदावर आणणारे शेठ लोक टंगस्टनवर त्याच्या दुप्पट घालवतात. आरगॉन मिनिटाला ८ ते १० लिटर पुरतो, त्याच्या फार वर वाढवलं तर उलट कपमधे (टॉर्चच्या तोंडाचं नळकांडं) भोवरा होतो आणि हवा आत ओढली जाते.

विकत घेताना

मागे एकदा ऑनलाइन मागवलेल्या पाकिटातले रॉड उभे फाटत होते, घासताना टोकावर केसाएवढी चीर दिसायची आणि आर्क मधोमध न येता बाजूने यायचा. परत घ्यायला विकणाऱ्याने स्पष्ट नकार दिला, म्हणे वापरलेला माल आहे. आता न वापरता कसं कळणार. तेव्हापासून एक सोपी परीक्षा करतो: वजन. टंगस्टन एका सीसीला १९ ग्रॅमच्या वर भरतं. २.४ एमएम जाडीचा १५० एमएम लांब रॉड १३ ग्रॅमच्या आसपास, दहाचं पाकीट साधारण १३० ग्रॅम. १७५ एमएमचा असेल तर रॉड १५ ग्रॅम. १.६ चा १५० एमएमवाला पावणेसहा-सहा ग्रॅम. रॉड आखूड किंवा बारीक आला असेल तर काट्यावर लगेच कळतं, कारण २.४ च्या नावाखाली २.३ चे रॉड पण येतात आणि मग कॉलेटमधे सैल बसतात, टॉर्च गरम होते. थोरियम आहे का लँथनम ते मात्र वजनावरून कळत नाही, त्याला पाकिटावर कोड आणि बॅच नंबर छापलेला माल आणि ओळखीचा दुकानदार, एवढंच हातात आहे.

भाव इथे लिहीत नाही कारण लिहीपर्यंत बदलतो. जगातलं बहुतेक टंगस्टन चीनमधून येतं आणि फेब्रुवारी २०२५ मधे त्यांनी टंगस्टनच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, त्यानंतर भाव चढतच गेले. आपल्याकडे राजस्थानात डेगाण्याला जुनी खाण होती, आणि नागपूर जिल्ह्यात कुही-खोबना भागात पण टंगस्टनचे साठे सापडलेत, पण तिथून आपल्या टॉर्चपर्यंत काही आलेलं नाही अजून. त्यामुळे दहाचं पाकीट परवडत नाही म्हणून लोक सुटे दोन-तीन रॉड मागतात आणि दुकानदार डब्यातून काढून देतो. सुटे घ्यायचे तर त्याच्यासमोर पाकीट फोडून घ्या. डब्यात सगळ्या रंगांची खिचडी असते, आणि अर्धे रॉड दोन्ही टोकांनी घासलेले.